मागे सरणारे पाय

आठ महिन्यांत सरावाच्या कुस्तीत स्नेहल सुम्बुलकडून अकरा वेळा पडली होती, आणि अकराही वेळा एकाच तऱ्हेने. सुम्बुल अंगावर आली की स्नेहलचे पाय मागे सरायचे. कडेला उभे असलेले गोमाजी वस्ताद ओरडायचे, "मागं जाऊ नको!" आणि त्याच क्षणी सुम्बुल तिच्या दोन्ही मांड्यांना मिठी घालून तिला मॅटवर आदळायची. वर हात पुढे करून विचारायची, "लागलं नाही ना?" त्या विचारण्याचा स्नेहलला पडण्याहून जास्त संताप यायचा.

शनिवारी बाराव्यांदा तेच झालं. बिरवाडीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या पोरींदेखत वस्ताद म्हणाले, "तुझ्या पायांतच भित्रेपणा हाय. त्रेपन्न किलोत जिल्ह्याला एकच पोरगी जाणार. पुढच्या रविवारी तुमची दोघींची निवडीची कुस्ती. हरलीस तर परत इकडं फिरकू नको."

स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भित्री? कापड्याहून रोज दोन एसट्या बदलून येणारी ती भित्री? तिने बैठका दुप्पट केल्या होत्या, दोर चढून हातांची सालं काढली होती, वजनासाठी माघी गणपतीत एक मोदक खाल्ला नव्हता. आणि जिथे होती तिथेच होती, तसूभरही पुढे नाही. सगळी मेहनत पाण्यात!

घरी भाताची लावणी चालू होती. दुसऱ्या दिवशी ती आई राहीबाई आणि शेजारच्या बनुबाईबरोबर खाचरात उतरली. कमरेत वाकायचं, रोपं चिखलात खोवायची, एक पाऊल मागे. नववं वर्ष लागल्यापासून ती हेच करत आली होती. आज मात्र ती रोपं अशी खुपसत होती, जणू त्यांनीच तिचा अपमान केला होता.

"भातावर कशाला राग काढतेस गो?" राहीबाई म्हणाली.

"गप गो आये!"

तेवढ्यात बनुबाई किंचाळली, "थांब! मागं रोपांच्या मुठी हायत!"

स्नेहलचं मागे निघालेलं पाऊल तिथेच अडलं आणि ती धपकन चिखलात बसली. बनुबाई पोट धरून हसायला लागली. "एवढी पैलवान, नि खाचरात पडली!"

"तू वराडलीस म्हणून पडली ती," राहीबाई फणकारली. "सरत होती तोवर पडली काय? मधीच अडवलीस, मग पडंल नाय तर काय!"

स्नेहल तोंड उघडून काहीतरी खरमरीत बोलणार होती. तेवढ्यात तिला वस्तादांचं 'मागं जाऊ नको' आठवलं. आठ महिने तो माणूस ओरडत होता, आठ महिने ती त्याचं ऐकून अर्ध्या पावलावर थांबत होती, आणि सुम्बुलला तेवढा क्षण पुरत होता. पाय भित्रे नव्हतेच. तिला रडूही आलं आणि शिवीही आली. तिने शिवी घातली, आईसमोर, मोठ्याने. मग उठली आणि राहिलेलं खाचर एकदाही मागे न बघता पुरं केलं.

निवडीच्या रविवारी सुम्बुल नेहमीसारखी अंगावर आली. स्नेहल एक पाऊल मागे सरली.

"मागं जाऊ नको!"

ती दुसरं पाऊल सरली. मग तिसरं, चौथं.

"अगं, कान फुटले काय तुझे? मागं जाऊ नको!"

मांड्या हाताला लागेनात तशी सुम्बुल आणखी पुढे झेपावली, तोल सोडून. स्नेहलने तिच्या मानेवर हात टाकला आणि तरव्यातून रोपं उपटावीत तसं अंगाकडे, खाली ओढलं. सुम्बुल तोंडावर आली. स्नेहल फिरून तिच्या पाठीवर गेली, तिला उलटी केली आणि दोन्ही खांदे मॅटला टेकवूनच थांबली.

सुम्बुलला तिने हात दिला. लागलं का, हे मात्र विचारलं नाही.

वस्ताद हसत हसत पुढे आले, तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ! मी सांगत होतो ते शेवटी डोक्यात शिरलं!"

स्नेहलने त्यांचा हात बाजूला केला.

"तुम्ही सांगत होता मागं जाऊ नको, वस्ताद," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा ऐकलं नाय."