उजवा खांदा, डावा खांदा

मामी रंगारी. छत रंगवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ती गाडीत बसली होती नेमकी त्याच बाजूच्या दारावर एक भरधाव व्हॅन आदळली, आणि तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीने धडक कबूल केली, पण तिचा दुखापतीशी संबंध नाकारला. "आयुष्यभर छतं रंगवली, खांदा झिजला. अपघात नुसतं निमित्त," त्यांचे वकील म्हणाले. त्यांच्या बाजूने साक्षीला आलेल्या हाडांच्या डॉक्टरांनीही झीज जुनीच असल्याचं सांगितलं.

मामीची वकील मीच, त्यामुळे उलटतपासणी माझ्याकडे होती. आयुष्यातली पहिली, आणि पक्षकार सख्खी मामी! मी नुसतेच कागद चाळत राहिले. मागून मामी पुटपुटली, "बोल की गं! घरी तर तोंडाला कुलूप नसतं."

मी उभी राहिले. "डॉक्टर, मामी... म्हणजे अर्जदार रंगवतात कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"दोन्ही खांदे तुम्ही तपासलेत. जास्त झीज कुठे?"

"उजव्यात."

"आणि उजवा हात वर जातो?"

"अगदी पूर्ण."

धागा हाती लागला होता. "मग कमी झिजलेला खांदाच कसा निकामी झाला?"

"आक्षेप!" कंपनीचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच बसवलं. "उत्तर येऊ द्या."

अपघातानंतर लगेच काढलेला डाव्या खांद्याचा एमआरआय मी पडद्यावर लावला. फाटलेल्या स्नायूबंधाशेजारी, हाडात, पांढुरका डाग होता. "हे काय?"

"हाडाला बसलेला मुका मार. ताजा."

"वयाने होतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस सरळ होता. "नाही. मला फक्त झिजेबद्दल विचारलं होतं, तेवढंच मी सांगितलं. पण धडक बसली नसती तर हा स्नायूबंध बहुधा फाटला नसता."

कोर्टात कुजबुज झाली. माझे पाय जमिनीवर ठरेनात!

जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी निर्णय वाचला: झीज आधीची असली, तरी हात गेला तो अपघातामुळेच.

"म्हणजे जिंकलो ना?" मामी भर कोर्टात ओरडली. न्यायाधीशही हसले.

बाहेर आल्या आल्या तिने डॉक्टरांनाच गाठलं. "खरं बोललात, आता एवढं करा. हा बरा कसा करायचा तेही सांगा."

आणि त्यांनी तिथेच, जिन्याजवळ, बॅग खाली ठेवून तिचा खांदा चाचपायला घेतला.