अख्खी दहावी ॲडमिन

“सर, अख्ख्या शाळेचा पासवर्ड एकच का?”

हे मी भरल्या लॅबमध्ये, मुख्याध्यापिकाबाईंसमोर विचारून दाखवावं, अशी माझ्या तीन मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं. कॉम्प्युटरचे सर, गळ्यातल्या किल्ल्यांच्या जुडग्यामुळे आमचे ‘किल्लेदार’, असे हसले की जणू मी बाराखडी विचारली. मुलं विसरतात म्हणाले. म्हणून सहाशे जणांना एकच: शाळेचं नाव, पुढे एक-दोन-तीन. धन्य ती अक्कल.

मला मात्र हसू येत नव्हतं. सोमवारी लॅबच्या चाळीसही पडद्यांवर बाईंचा फोटो झळकला होता, मिशांसकट. तो लावणारं लॉगिन माझ्या नावाचं. आईबाबांच्या सहीचं माफीपत्र शुक्रवारपर्यंत दिलं नाही, तर प्रॅक्टिकलला बसू देणार नव्हते. मी काढल्या असत्या तर मिशा निदान दोन्हीकडून सारख्या आल्या असत्या.

पुरावा म्हणून सरांनी प्रोजेक्टरने भिंतीवर डिरेक्टरी लावली. शाळेतलं प्रत्येक मूल, प्रत्येक कॉम्प्युटर, कोणाला कुठे काय करता येतं, ते सगळं त्या एका यादीत. माझ्या नावावर छडी टेकवून म्हणाले, “ही बघा, ॲडमिनच्या गटात. सगळे पडदे बदलायचा अधिकार हिला आहे.”

“तो मला दिला कोणी, सर? आणि यादी जरा खाली सरकवा ना.”

बाईच म्हणाल्या, सरकवा. माझ्याखाली माझी मैत्रीण, तिच्याखाली तिची, असं करत अख्खी दहावी. वर्षाच्या सुरुवातीला आमच्या लॉगिनवरून प्रिंटर चालेना, तेव्हा या विद्वानांनी बिघाड शोधायचं सोडून सगळ्या वर्गालाच मालक करून टाकलं होतं. दार उघडेना म्हणून भिंत पाडण्यातला प्रकार. प्रिंटर चालला, एवढं मात्र खरं.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाई नाही हसल्या. मला बाहेर नेऊन समजावलं, की सरांची बारा वर्षं नोकरी झालीय, चारचौघांत शोभा नको, दोन ओळी खरडून टाक.

घरी बाबांचंही तेच. दोन ओळींनी काय झिजणार आहेस, म्हणे. आई तर पेन शोधायलाच उठली.

“आण पेन,” मी म्हटलं. “पण माफीपत्र मी लिहिणार नाही. चौकशीचा अर्ज लिहिलाय, सही त्यावर करा. प्रॅक्टिकल बुडालं तर बुडू दे.”