इंजिनबाईंचा दवाखाना

अंतराळयानावरचे डॉक्टर वारले, तेव्हा कप्तानांनी इंजिनबाईंना बोलावून सांगितलं, "आजपासून दवाखाना तुमच्याकडे."

"अहो, मी नळ्या आणि पंप बघते!"

"माणसाच्या आत तरी दुसरं काय असतं?"

पुढचं बंदर तीन वर्षांवर होतं. मग वीस वर्षं इंजिनात काळे झालेले हात त्यांनी घासघासून धुतले आणि डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं उघडली. डोकं गरगरायला लागलं. इंजिन बंद करून उघडता येतं. माणूस बंद करून कसा तपासणार?

पहिल्याच आठवड्यात तिघं जण डोकेदुखी घेऊन आले: यानाची वाट आखणारा नकाशेवाला, त्याची बायको आणि स्वयंपाकघरातल्या मावशी. ताप नाही, नाडी ठीक. बाईंनी गोळ्या दिल्या. दुपारी बरं वाटायचं, सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"नेमकं कधी दुखतं हो?"

"उठल्या उठल्या," नकाशेवाला म्हणाला.

बाई चमकल्या. पुस्तक मिटून थेट त्याच्या खोलीत गेल्या आणि हवेच्या जाळीपुढे कागदाचा चिटोरा धरला. तो हलेचना. पंखा अडकला होता. झोपेत दोघं आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत होती. पंखा सुरू झाला आणि दोन दिवसांत नवराबायको ठणठणीत.

मावशींचं डोकं मात्र दुखतच राहिलं. त्यांची खोली दुसऱ्या टोकाला, तिथे चिटोरा छान फडफडत होता. बाईंनी तरीही पंखा उघडला, पुसला, बसवला. शून्य फरक.

"मावशी, मला काही कळत नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. डॉक्टरने असं बोलायचं असतं का, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरांनाही कळलं नव्हतं गं. चार वर्षं दुखतंय."

"चार वर्षं! मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

बाई ओशाळल्या. पंप बिघडला की 'कधीपासून' हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. स्टूल ओढून त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

"पहिल्यांदा दुखलं तो दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं? पण त्यात डोक्याचं काही नाही. माझ्या बहिणीचं आहे."

बाईंचा हात थांबला. वहीत ताप, नाडी, रक्तदाब असे छापील रकाने होते. बहीण कुठल्या रकान्यात लिहायची?

"सांगा," त्या म्हणाल्या.