कुंपणाआडचे संत्रे

मी एक जुना रसाचा ठेला आहे, मित्रांनो. पण मला ठेला कोणी म्हणत नाही, सगळे संत्रेच म्हणतात. आकारच तसा आहे. एका खोलीएवढा वाटोळा, नारिंगी रंगाचा, डोक्यावर पत्र्याची दोन हिरवी पाने. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, संत्र्यांच्या बागांना लागून मी उभा आहे. उभा आहे म्हणतो खरा, पण माझा जीव कधी जागेवर नसतो. समोरून दिवसभर गाड्या सुसाट जातात आणि प्रत्येक गाडी दिसली की मला वाटते, ही थांबेल. एकही थांबत नाही. असे का झाले, तेच आज सांगतो.

मला ऑर्व्हल टॅकेटने बांधले. तो दुष्काळात ओक्लाहोमा सोडून इकडे आलेला. त्याने लाकडी फासळ्या वाकवल्या, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली आणि वरून सिमेंटचा गिलावा फासला. पुढे एक खिडकी, मागे एक अरुंद दार.

"जे विकायचं, तेच दिसलं पाहिजे," तो बायकोला, व्हर्नाला म्हणाला. "पाटी वाचायला वेळ कुणाला आहे?"

"बरं झालं, कोंबड्या विकायचं मनात आलं नाही तुझ्या," व्हर्ना म्हणाली. "तू बांधलेली कोंबडी बघून माणसं पळाली असती."

जुन्या रस्त्यावर माझे दिवस झकास गेले. उन्हाळ्यात गाड्यांची इंजिने तापायची, झाकणाखालून वाफ यायची आणि इंजिन निवेपर्यंत माणसे माझ्या सावलीत गार रस प्यायची. मुले माझ्या पोटाला पाठ टेकून फोटो काढून घ्यायची. मला तेव्हा फार गर्व होता, खोटे कशाला बोलू!

मग बागांच्या पलीकडून नवा महामार्ग गेला आणि जुना रस्ता ओस पडला. ऑर्व्हल हातपाय गाळणाऱ्यातला नव्हता. त्याने मला उचलून लांब ट्रकवर चढवले, दोरखंडांनी आवळले आणि महामार्गाच्या अगदी कडेला आणून बसवले. खिडकी अर्थातच रस्त्याकडे.

"बघ व्हर्ना! किती गाड्या!"

व्हर्ना गाड्या बघत नव्हती, ती माझ्या आणि रस्त्याच्या मधले कुंपण बघत होती. महामार्गाला तारेचे सलग कुंपण असते. मध्येच थांबता येत नाही, वळता येत नाही. उतरायचा फाटा माझ्यापासून कितीतरी मैल पुढे होता.

"गाड्या आहेत रे," ती म्हणाली, "पण माणसं येणार कशी? उड्या मारून?"

ऑर्व्हलचा चेहरा खर्रकन उतरला. रस्ता म्हटला की माणूस वाटेल तिथे थांबतो, एवढेच त्याने जन्मभर पाहिले होते. आता लोक मला बघून भोंगे वाजवायचे, मुले काचेला नाक लावायची आणि क्षणात दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी रस ओतून द्यावा लागे. शेवटी व्हर्नाने निक्षून सांगितले, "हा तोडणीचा हंगाम बघते. नाही जमलं तर हे पाडायचं आणि ऑरेगॉनला माझ्या बहिणीकडे जायचं." मी आतून हादरलो. जाळी आणि गिलावा, मला पाडायला वेळ तो किती लागणार?

हिवाळ्यात खोऱ्यात दाट धुके उतरते. अशाच एका सकाळी माझ्या मागच्या दारावर थाप पडली. बागेत संत्री तोडणारी तोमासा आली होती. खांद्याला थैली, बोटे गारठलेली. व्हर्नाने तिच्यापुढे रसाचा पेला ठेवला.

तोमासा हसतच सुटली. "बाई, उजाडल्यापासून हीच तोडतेय! झोपेतसुद्धा संत्री दिसतात मला. आता प्यायची पण तीच? कॉफी नाही का हो?"

व्हर्नाने स्वतःची कॉफी तिला दिली. दुसऱ्या दिवशी तोमासा अख्खी टोळीच घेऊन आली. अरुंद दारात सगळ्यांची चेंगराचेंगरी झाली, तेव्हा व्हर्ना करवत घेऊन माझ्या मागे उभी राहिली.

"संत्र्यात कॉफी?" ऑर्व्हल ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? ते कुंपणापलीकडचे? जा, थांबव आणि विचार."

करवत माझ्या पाठीत शिरली आणि बागेच्या बाजूला दुसरी, रुंद खिडकी उघडली. दुखले, मित्रांनो, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी संत्रे, आणि माझ्या पोटातून कॉफीचा आणि फोडणीच्या घेवड्याचा वास! पण हंगाम संपला, पुढचा आला आणि व्हर्नाने बहिणीचे नाव काढले नाही.

आज माझ्या पाठीशी रांग असते. समोरून जाणाऱ्यांना मात्र ती दिसत नाही. त्यांना वाटत असेल, बिचारे बंद पडले. ऑर्व्हल आता थकला आहे. तरी दर वसंतात तो शिडी लावतो आणि मला रंग देतो, तोही फक्त समोरून. परवा शिडी धरून व्हर्ना म्हणाली, "इतक्या वर्षांत या बाजूने एक तरी गिऱ्हाईक आलं का रे?"

"नाही आलं."

"मग कशाला जिवाचा आटापिटा?"

"बघतात ना," ऑर्व्हल म्हणाला.

व्हर्नाने शिडी आणखी घट्ट धरली.

मित्रांनो, तुम्हाला थांबता येणार नाही, हे मला आता कळते. पण रस्त्याकडेला माझ्यासारखे कोणी दिसले, तर बंद पडले म्हणून मान फिरवू नका. कोणीतरी ते तुमच्यासाठी राखले आहे. नुसता हात हलवा. शिडीवरचा म्हातारा ब्रशसकट हात हलवतो, आणि खालून व्हर्ना ओरडते, "अरे, धरून उभा राहा!"