दक्षिणेकडची सावली

"हलू नका कुणी! वारासुद्धा अडवा!" असं ओरडत गणिताच्या बाईंनी ओळंब्याची दोरी काठीला लावून धरली.

शाळेच्या गच्चीवर वाळूने भरलेल्या बादलीत मीटरभराची काठी उभी होती. तिच्याभोवती नववीचा अख्खा वर्ग उकिडवा बसला होता. काठी सरळ आहे अशी खात्री झाल्यावर बाईंनी सावलीच्या टोकाशी खडूने रेघ मारली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. सावली प्रत्येक वेळी किंचित आखडत होती, आणि प्रत्येक रेघेला मुलं फटाका फुटल्यासारखी ओरडत होती.

"बाई, त्या माणसाचं नाव परत सांगा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"इरॅटोस्थेनिस."

"त्यापेक्षा पृथ्वी मोजणं सोपं असेल."

हशा पिकला. बाईही हसल्या. गेला आठवडाभर त्यांनी वर्गाला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा हा माणूस एका मोठ्या ग्रंथालयाचा प्रमुख. गणित, भूगोल, कविता, सगळ्यात हात घालायचा. म्हणून लोक त्याला 'दुसरा' म्हणून चिडवायचे म्हणे. सगळ्यात हुशार, पण पहिला कशातच नाही. दूर दक्षिणेच्या एका गावात वर्षातल्या ठरावीक दिवशी भरदुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, हे त्याच्या कानावर आलं. त्याच्या स्वतःच्या शहरात मात्र त्याच दुपारी सावली पडत होती. दोन गावांच्या सूर्यात फरक का, या एका प्रश्नावरून त्याने अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. अंतर मोजायला पावलं मोजत चालणारी माणसं होती, असं सांगतात.

"आणि आपल्याकडे?" तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. "दक्षिणेकडची दुसरी सावली आपल्याला कोण देणार?"

बाईंनी नकाशावर आपल्या गावापासून सरळ खाली बोट नेलं. ते जिथे थांबलं, तिथे त्यांच्या ओळखीचं एकच माणूस राहत होतं.

त्यांचा थोरला भाऊ. सुतार. आई गेली तेव्हा तो प्रवासात होता, आणि बाई त्याच्यासाठी थांबल्या नव्हत्या. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दारातूनच तो परत फिरला. त्यानंतर बोलणं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

"दादा, मी बोलतेय."

पलीकडे रंधा थांबल्याचा आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही रे. मला... मला एक सावली हवीय."

मग तो म्हणाला, "सांग."

काठी कशी लावायची हे त्याला सांगावं लागलं नाही. कुठल्या दिवशी, आणि सावली आखडायची थांबली की माप घे, एवढंच बाईंनी सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"बाई, थांबली! लांब व्हायला लागली!"

बाई भानावर आल्या. सगळ्यात आखूड सावलीला पट्टी लागली, माप फळ्यावर चढलं. फळा मुलांनी जिन्यावरून वर ओढून आणला होता. आता सगळ्यांचे डोळे बाईंच्या फोनवर. हेडसरही वर येऊन कठड्याला टेकले होते, "माझ्या गच्चीवरून पृथ्वी मोजतायत, बघू तरी" असं म्हणत.

फोन वाजला तेव्हा कुणीतरी किंचाळलंच.

"घे लिहून," भावाने आकडा सांगितला. मागे बरीच गडबड ऐकू येत होती. "काठी एक मीटर. ओळंबा लावून घेतलीय. ठेवतो."

"दादा, ऐक..."

फोन बंद झाला होता.

मग जी झुंबड उडाली! कुणी कोनांचं कोष्टक उघडलं, कुणी वजाबाकी केली, दोघं एकमेकांच्या डोक्यावरून गुणाकार करत होते. दोन कोनांमधला फरक वर्तुळाचा कितवा भाग, आणि तितक्या पटीने दोन गावांमधलं अंतर. खडू फळ्यावर करकरला आणि थांबला.

ऐंशी हजार किलोमीटर.

"पुस्तकात तर चाळीस आहे," कुणीतरी हळूच म्हणालं.

"दुप्पट झाली की काय पृथ्वी?" हेडसर म्हणाले. "चालायचंच. पोरांना ऊन तरी मिळालं."

मुलांनी परत गणित केलं. तेच उत्तर. फुग्यातली हवा जावी तसा वर्ग मलूल झाला.

"तुमच्या भावाने चुकीचं मोजलं असेल बाई," एक मुलगा म्हणाला.

"नाही," बाई पटकन म्हणाल्या. इतक्या पटकन, की त्यांच्या त्यांनाच नवल वाटलं. "त्याची काठी तिरकी असूच शकत नाही. बाकी काहीही म्हण."

"आणि आपली?"

"आपली तर सगळ्यांनी बघितलीय."

वकीलबाई फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे दोन्ही सावल्या बरोबर. पृथ्वी काही रातोरात वाढली नाही. मग उरलं काय?" तिने फळ्यावरच्या तिसऱ्या आकड्यावर टिचकी मारली. "अंतर. अंतर चुकलंय."

"अंतर कसं चुकेल? नकाशावर मोजलंय."

"गावांचं मोजलंय. मामा त्या गावात असतील तर."

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग नकाशाकडे. त्या काही बोलायच्या आत चार-पाच जण नकाशावर पालथे पडले होते. आता पृथ्वी पुस्तकातली धरली, सावल्या आपल्या धरल्या, आणि गणित उलटं फिरवलं. पट्टी गावापासून खाली सरकत निम्म्या वाटेवर थांबली. तिथे हमरस्त्यावरचं एक मोठं बसस्थानक होतं.

"बाई," वकीलबाईचा आवाज फाटला, "ते इकडे येतायत!"

जो कल्ला झाला तो खाली पहिलीच्या वर्गापर्यंत पोचला. बाईंनी मात्र कठडा धरला होता. मग त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"दादा, जेवलास का?"

"हो. म्हणजे... आत्ताच घरी..."

"नीट जेव. बस सुटेल तुझी."

पलीकडची गडबड तशीच चालू होती. कंडक्टरची शिट्टी वाजली.

"तुला कुणी सांगितलं?" भावाने विचारलं. "न कळवता येणार होतो. निघालो, मग आठवलं, तुझी दुपार रस्त्यातच होणार. काठी घेतली बरोबर. दुपार काय, कुठल्याही गावची चालते ना?"

"चालते," बाई म्हणाल्या.

"एक सांग. तुझं नवं घर मला माहीत नाही. स्टँडवर उतरून विचारणार होतो, गणिताच्या बाई कुठे राहतात म्हणून. सांगतील ना लोक?"

बाईंनी नुसताच फोन पुढे केला. वकीलबाईने तो घेतला.

"मामा, कुणालाही विचारत बसू नका. उतरलात की तिथेच उभे राहा. आम्ही येतोय न्यायला."

"आम्ही म्हणजे किती जण?" पलीकडून घाबरल्यासारखा आवाज आला.

गच्चीवरच्या सगळ्यांनी एकदम हात वर केले, जणू त्याला ते दिसणारच होते. कठड्याशी उभ्या हेडसरांचाही हात वर होता.