बावीस फळ्यांची थप्पी

वाऱ्याने परसातलं शिरीषाचं झाड आडवं केलं, तेव्हा निवृत्त चित्रकला-मास्तरांनी दोन दिवस हळहळून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी कागदावर जेवणाचं टेबल काढलं. खोड सॉ मिलमध्ये नेऊन इंचभर जाडीच्या बावीस फळ्या कापून आणल्या, परसात एकीवर एक घट्ट रचल्या आणि बायकोला अभिमानाने दाखवल्या.

"बघ, सुई शिरणार नाही!"

आठवड्यात फळ्यांना बुरशी धरली. बायकोने धाकट्या भावाला बोलावलं. तो सुतार. थप्पी बघून त्याने कपाळावर हात मारला.

"दाजी, लाकडं आहेत ती, वह्या नव्हेत! वारा खेळला पाहिजे मधून."

तिघांनी थप्पी मोडली, बुरशी घासली. मग विटांवर नव्याने रचणी सुरू. दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, पट्टीच्या बरोब्बर वर पट्टी. माथ्यावर पत्रा, पत्र्यावर दगड, बाजू उघड्या.

"वाळायला किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी धरा."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

बायकोची हयात नर्स म्हणून तान्ह्या बाळांची वजनं करण्यात गेलेली. तिने थप्पीत एक छोटा तुकडा ठेवला. दर रविवारी तो तोलायचा आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा.

"वजन घटलं की आनंद व्हावा असं हे पहिलंच बाळ," ती म्हणायची.

चौथ्या महिन्यात ती माहेरी गेली आणि मास्तरांचा धीर सुटला. वरची फळी काढून त्यांनी गुपचूप बाक केला. महिन्याभरात तो असा पिळवटला, की भाऊ टेकायला गेला आणि चहासकट कलंडला.

"दाजी, बाक केलात की घसरगुंडी?"

बायकोला हसू आवरेना. कान लाल झालेले मास्तरही हसत सुटले.

त्यानंतर मात्र तेच थप्पीचे राखणदार झाले. पाचोळा झाडायचा, सरकलेला पत्रा नीट करायचा, रविवारी तुकडा स्वतः आणून द्यायचा. चौदाव्या महिन्यात ओळीने तिसऱ्या रविवारी आकडा तोच आला.

"थांबलं हो!" बायको ओरडली.

भावाने एकेक फळी उचलून नजरेसमोर धरली. एकवीसच्या एकवीस सरळ.

पंधरा दिवसांत टेबल उभं राहिलं. पहिल्या जेवणाला ताटं मांडली, तरी मेहुणे-दाजी त्याच्या कडेवरून नुसते हात फिरवत बसले.

"अहो, जेवण निवतंय," बायको म्हणाली; आणि हळूच स्वतःचाही तळवा त्यावर फिरवून घेतला.