येनीच्या नावावर

लोकांची कराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या ओफेलियाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा विचारलं, "आणि यांची कमाई? इथलीच असं नाही. पेरूमधली, कुठलीही."

नेलिदानं तोंड उघडण्याआधीच तिचा नवरा विल्मर म्हणाला, "काही नाही. तिचं कामाचं कार्ड यायचंय अजून. घरीच असते."

ओफेलियाबाई नेलिदाकडे बघत राहिल्या. खालच्या हॉटेलातून भाजलेल्या कोंबडीचा वास जिन्यानं वर येत होता. नेलिदानं मान हलवली, काही नाही म्हणून. मग समोर आलेल्या कागदावर तिनं सही केली.

जिना उतरताना विल्मरनं तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि कोटाची बटणं लावू लागली. ती आधीच लावलेली होती.

पेरूतल्या अरेकिपात नेलिदा अकरा वर्षं दुकानदारांचे हिशेब ठेवून त्यांचे कर भरून देत आली होती. कुणी अर्धी विक्री मेव्हण्याच्या नावावर दाखवू का म्हणून विचारलं, की ती म्हणायची, "मग हिशेबनीसही दुसरा शोधा." लोक चरफडायचे, पण तिच्याचकडे यायचे. मग अमेरिकेत पॅटरसनमध्ये जन्मलेल्या, पावाची गाडी चालवणाऱ्या विल्मरशी तिचं लग्न झालं आणि ती न्यू जर्सीला आली. कामाच्या परवान्याच्या कार्डासाठी अर्ज केला. कार्ड आज येईल, उद्या येईल करता करता दहा महिने गेले. तोवर काम करायचं नाही, असं वकिलानं बजावलं होतं. पण चार जुनी दुकानं तिला सोडायला तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर तीही त्यांना. तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रावर लॅपटॉप ठेवून ती काम करू लागली. "कॉम्प्युटरच्या आत तू काय करतेस, कोण बघायला येतंय?" असं विल्मर म्हणाला होता.

पण मेहनतान्याच्या पावत्या कुणाच्या तरी नावावर फाडाव्या लागत. स्वतःच्या नावाची तिला भीती वाटली. तिनं धाकट्या बहिणीला विचारलं.

"लाव की माझं," येनी म्हणाली होती. "नाहीतरी ते पडूनच असतं."

येनीची अरेकिपाच्या बाजारात फळांच्या रसाची गाडी होती. दुपारी गाडी झाकली, की ती चारही दुकानांत जाऊन बिलं गोळा करायची, त्यांचे फोटो काढून पाठवायची, खात्यात आलेले पैसे नेलिदाकडे वळते करायची. बहिणीबहिणींत कसला हिशेब, म्हणून तिला त्याचं काही द्यावं असं नेलिदाच्या मनातही आलं नव्हतं.

ओफेलियाबाईंकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी तिनं आईला फोन लावला. येनी कुठे आहे, असं विचारल्यावर आई म्हणाली, रांगेत. कसली रांग, तर इन्सुलिनची; एक धर्मादाय दवाखाना आठवड्याला थोडं वाटतो. नेलिदाला कळेना. येनीला तर गरिबांचा सरकारी विमा होता, औषध फुकट मिळायचं. आई म्हणाली, की तो ऑक्टोबरातच बंद झाला. कागदावर येनीची कमाई फार दिसते म्हणे. तुला सांगू नको असं तिनं बजावलंय, तर मी सांगितलं असं तू म्हणू नकोस.

नेलिदानं ऐकलं नाही. तिनं लगेच येनीला फोन लावला. मागे रांगेतल्या बायकांचा कलकलाट ऐकू येत होता.

"आईच्या पोटात काही राहत नाही," येनी हसली. "अगं, कागदावर का होईना, जन्मात एकदा श्रीमंत झाले मी. बघू दे की मजा."

"सुई रोज घेतेस ना?"

"घेते. एखाद्या दिवशी थोडी कमी घेते, पुरवते. ठेवू आता? माझा नंबर आला."

फोन बंद झाल्यावरही नेलिदा जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. ऑक्टोबर ते मार्च. या सहा महिन्यांत दर रविवारी ती येनीशी बोलली होती, आणि दर रविवारी बिलांचे फोटो अंधुक येतात म्हणून तिला बोललीही होती.

दुपारी तिनं विल्मरला सांगितलं. त्याला आधी वाईट वाटलं, मग तो चिडला. येनीचं तिकडे निस्तरता येईल, इथल्या कागदांना कशाला हात लावायचा, असं त्याचं म्हणणं होतं.

"तिची कमाई नाही असं लिहून दिलं, तर कुणाची आहे असं लिहू?" नेलिदानं विचारलं.

मंगळवारी दोघं वकिलाकडे गेले. तो रागावला, शेवटी म्हणाला, की खरं तेच लिहा. कार्डाचं काय होईल याचा शब्द मी देऊ शकत नाही. तिथून दोघं ओफेलियाबाईंचा जिना चढले. विवरणपत्र अजून पाठवलेलं नव्हतं. नेलिदानं गेल्या वर्षाच्या बारा महिन्यांचे आकडे पुढे ठेवले. ओफेलियाबाईंनी ते बघितले, एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "त्या दिवशीच वाटलं होतं मला." विल्मर खिडकीबाहेर बघत होता.

आता येनीच्या नावावरचं काढायचं राहिलं होतं. नेलिदानं तिला फोन करून सगळं समजावलं: कोणते अर्ज करायचे, दंड झाला तर तो आपण भरू, विम्यासाठी पुन्हा कुठे जायचं.

"सगळं काढणार?" येनीनं विचारलं.

"सगळं. तुला पुन्हा त्रास होणार नाही."

"तसं नाही. अबुंदियोमामांच्या दुकानाचं काम माझ्याकडे ठेवशील? एका दुकानाच्या कमाईनं विमा जात नाही. चौकशी केलीय मी."

अबुंदियो लोखंडी सामान विकायचे. चारांत सगळ्यांत किचकट हिशेब त्यांचा.

"येनी, ते म्हणजे नुसते फोटो काढण्याइतकं सोपं..." नेलिदा बोलून गेली आणि थांबली.

येनीला राग आला नाही. ती शांतपणे म्हणाली, "मामांची बिलं दोन दोनदा येतात, ताई. एकदा मुलाच्या वहीतून, एकदा त्यांच्या. फोटो काढायच्या आधी मी ती निवडून बाजूला करते. जुलैपासून करतेय. तू म्हणालीस ना, की मामा आता सुधारले."

नेलिदा तसं म्हणाली होती. विल्मरजवळही म्हणाली होती, जरा मिरवूनच.

"हिशेबाच्या संध्याकाळच्या वर्गालाही नाव घातलंय," येनी म्हणाली. "तेवढं एक राहू दे माझ्या नावावर. खरं करून."

यंत्रावरचा लॅपटॉप नेलिदानं बंद केला.

"आणखी काय काय दुरुस्त करत होतीस?" तिनं विचारलं.

येनी सांगू लागली. ते बरंच होतं.